कळलावी : बांधावरचं फूल, औषध आणि विष

श्रावणात ईश्वरपूरहून (पूर्वीचं इस्लामपूर) शिराळ्याच्या बाजूला गेलात, तर कुंपणावर किंवा झुडपावर चढलेली एक वेल नजरेत भरते. फूल जणू पेटलेली ज्योत. ही कळलावी. काही ठिकाणी तिला खड्यानाग म्हणतात.

ओळखायची कशी?

पानाचं टोक पाहा. ते लांब होऊन स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं असतं आणि त्याच्या आधाराने वेल वर चढते. फुलाला नागमोडी कडांच्या सहा पाकळ्या असतात. त्या मागे वळून वर उभ्या राहतात. रंग आधी हिरवट, मग पिवळा, शेवटी लालभडक. फुलपाखरं आणि शिंजीर पक्षी परागीभवनाला मदत करतात. पावसाळा सरला की वेल वाळते, पण जमिनीत कंद जिवंत राहतो आणि पुढच्या पावसात पुन्हा फुटतो.

नावातला इतिहास

कंद वाकडा, नांगरासारखा. संस्कृतात नांगराला लांगल म्हणतात, म्हणून आयुर्वेदात ही ‘लांगली’. फुलावरून ‘अग्निशिखा’. तिचं आणखी एक नाव ‘गर्भनुत्’, म्हणजे गर्भ बाहेर ढकलणारी. अडलेल्या बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून कंदाचा लेप बाहेरून लावत. कळ लावणारी ती कळलावी. ‘कळ लावणे’ म्हणजे भांडण लावणेही, त्यामुळे हे फूल घरात आणलं की भांडणं होतात असाही समज आहे. या समजाने निदान मुलांचे हात तरी वेलीपासून दूर राहिले असतील!

आयुर्वेदाने तिची गणना उपविषांत केली आणि शुद्ध केल्याशिवाय वापरू नये असं बजावलं. लिनियसने 1753 मध्ये तिला ‘ग्लोरिओसा सुपर्बा’ हे शास्त्रीय नाव दिलं. तमिळनाडूचं हे राज्यफूल आहे. तिथे बियांसाठी तिची शेती होते.

बिया कशासाठी?

कोल्चिसिनसाठी. युरोपात सहाव्या शतकापासून गाउटवर, म्हणजे युरिक अ‍ॅसिडमुळे सांधे सुजतात त्या आजारावर, कोल्चिकम नावाच्या वनस्पतीचा कंद देत. 1820 मध्ये पेलेतिए आणि काव्हांतू या फ्रेंच शास्त्रज्ञांनी त्यातलं द्रव्य वेगळं काढलं. त्याच वर्षी त्यांनी सिंकोनाच्या सालीतून क्विनीनही मिळवलं होतं. पुढे 1915 मध्ये तेच कोल्चिसिन कळलावीतही सापडलं. गाउटचा झटका आल्यावर डॉक्टर आजही हे औषध देतात. 2023 मध्ये अमेरिकेत हृदयविकाराच्या काही रुग्णांसाठीही अर्धा मिलीग्रॅमच्या गोळीला मान्यता मिळाली.

मग धोका कुठे?

कोल्चिसिन पेशींचं विभाजन थांबवतं. गोळीत त्याचं प्रमाण मोजलेलं असतं, कंदात नसतं. कंद चुकून रताळ्यासारखा खाल्ला, तर काही तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होतात. मग थोडं बरं वाटल्यासारखं होतं, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मूत्रपिंड, हृदय आणि अस्थिमज्जा निकामी होऊ लागतात. जे वाचतात त्यांचे केस एक-दोन आठवड्यांनी झडतात. यावर सहज मिळणारा उतारा नाही.

एवढं लक्षात ठेवा

• कंद किंवा बी पोटात गेलं, तर त्रास सुरू व्हायची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठा. वेलीचा तुकडा सोबत न्या. उलट्या थांबल्या म्हणून घरी परतू नका.

• बाळंतपण लवकर व्हावं म्हणून किंवा गर्भ पाडण्यासाठी कळलावी कधीही वापरू नका.

• कोल्चिसिनची गोळी सुरू असेल तर डोस स्वतः वाढवू नका. मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक सुरू करायचं असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा.

फूल जरूर पाहा, फोटो काढा. कंद मात्र जमिनीतच राहू द्या. पुढच्या श्रावणात वेल त्यातूनच येणार आहे.