इंग्रजी शब्दांची टाकसाळ

विद्यार्थी मित्रहो, इंग्रजीच्या पेपरची धास्ती तुम्हांला ठाऊक आहे, आणि पालकहो, ती तुमच्याही परिचयाची आहे. शब्द पाठ होत नाहीत म्हणून कित्येक हुशार मुले शाळेलाच कंटाळतात. परंतु हे शब्द काही आकाशातून पडलेले नाहीत. ते कसे घडले हे समजले, की पाठांतराचे ओझे पुष्कळ हलके होते.

पहिला मार्ग उसनवारीचा. इ. स. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. मेंढ्या राखणारी प्रजा मेंढीला 'शीप'च म्हणत राहिली. पण राज्यकर्त्यांच्या ताटातील मांसाला फ्रेंचमधून आलेले 'मटन' हे नाव मिळाले. नवव्या शतकात बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मी यांनी गणितावर ग्रंथ लिहिला. त्याच्या नावातील 'अल्-जब्र'वरून 'अल्जिब्रा' आला, तर खुद्द लेखकाच्या नावावरून 'अल्गोरिदम'! आपला 'बंगला'ही 'बंगलो' होऊन इंग्रजीत जाऊन बसला.

दुसरा मार्ग जोडणीचा. ग्रीक 'टेले' म्हणजे दूर. त्यावरून टेलिफोन, टेलिग्राफ, टेलिस्कोप हे शब्द झाले. 'स्मोक' आणि 'फॉग' यांच्या मिलाफातून झालेला 'स्मॉग' हा शब्द १९०५ साली लंडनचे डॉ. दे व्हू यांनी प्रचारात आणला.

तिसरा मार्ग काटछाटीचा. लॅटिन 'ऑम्निबस' म्हणजे 'सर्वांसाठी'. १८२९ साली जॉर्ज शिलिबीअर यांनी लंडनमध्ये या नावाची घोड्यांची प्रवासी गाडी सुरू केली. पुढे नावाचे शेपूट तेवढे उरले, तीच आपली 'बस'. 'रेडिओ डिटेक्शन अँड रेंजिंग' या लांबलचक नावाचे १९४० च्या सुमारास 'रडार' झाले.

कधी माणसाचे नावच शब्द बनते. १८८० साली आयर्लंडमधील कुळांनी कॅप्टन बॉयकॉट या जमीनदाराच्या कारभाऱ्याशी सर्व व्यवहार तोडले. कोणी त्याचे पीक कापेना, दुकानदार माल देईना. तेव्हापासून बहिष्काराला 'बॉयकॉट' हे नाव पडले.

तेव्हा मित्रहो, नवा शब्द दिसला की आधी तो फोडून पाहा. एक मूळ ओळखले, तर पाच शब्द हाती येतात. आणि पालकहो, आपल्याला इंग्रजी येत नसेल तरी संकोच नको. संध्याकाळी मुलाला एवढेच विचारा, "आज कोणता शब्द शिकलास? तो कुठून आला?" उत्तर शोधण्यासाठी तो शब्दकोश उघडील. त्याची भीती जाण्याची सुरुवात तेथूनच होईल.