खुब्याचा सांधा बदलल्यावर जिमचं कोणतं मशीन चालेल?

हिंजवडी-मारुंजीच्या पलीकडे मुळशीतल्या जांबे, नेरे या गावांतही आता सोसायट्या झाल्यात, सोसायटीत जिम आली. ऑपरेशन झालेल्या अब्बांना मुलं कौतुकाने तिथे घेऊन जातात. आम्ही म्हणू, आधी सर्जनला एक प्रश्न विचारा: चिरा मागून घेतलाय की समोरून?

खुबा म्हणजे वाटीत फिरणारा गोळा. भोवतालचे स्नायू भरून येईपर्यंत नवा गोळा वाटीतून निसटू शकतो. मागून ऑपरेशन झालं असेल तर खुबा ९० अंशांपेक्षा जास्त वाकवणं, पायावर पाय टाकणं आणि पाऊल आत वळवणं टाळायचं. समोरून असेल तर पाय मागे ताणून बाहेर वळवणं धोक्याचं. हे पथ्य साधारण ६ ते १२ आठवडे असतं, नक्की मुदत सर्जनच सांगतील.

सगळे वजन किती उचलायचं तेच विचारतात. सुरुवातीला त्याहून महत्त्वाची असते सीटची उंची. सायकलची सीट खाली असली की गुडघा छातीकडे येतो. म्हणून ती उंच ठेवा, पायडल वर आलं तरी गुडघा खुब्याच्या वर जाऊ नये. सुरुवात बिनवजनाची, पाच-दहा मिनिटांची. ट्रेडमिलवर दांडा धरून सपाट, हळू चाला, पळणं नाही. लेग प्रेसला साधारण तीन महिने हात लावू नका. पुढे परवानगी मिळाली तर सीट मागे सरकवून, कमी वजनावर. मांड्या आत दाबायचं मशीन आणि रोइंग तर राहूच द्या.

बागेतल्या ओपन जिममध्ये सीट वर-खाली होत नाही, आणि कंबर फिरवायच्या चकतीवर खुबा पिळला जातो. ती या पेशंटसाठी नाहीच. वळतानाही पाय रोवून गर्रकन फिरू नका, छोटी पावलं टाका.

नमाजचंही हेच गणित. सजद्यात आणि बैठकीत खुबा ९० अंशांपुढे जातो, म्हणून परवानगी मिळेपर्यंत उंच, भक्कम खुर्चीवर, इशाऱ्याने. आजाऱ्याला बसून नमाजची सवलत आहेच. मशिदीतली प्लॅस्टिकची बुटकी खुर्ची मात्र नको.

अचानक कळ आली, पाय आखूड किंवा वळलेला दिसला, त्यावर भार पेलवेना, तर मालिश करू नका, थेट हॉस्पिटल गाठा. पोटरी सुजून दुखू लागली, धाप लागली किंवा जखमेतून पू आला, तरी सकाळची वाट पाहू नका.