पन्नास हजार पौंडांचा इसार : जॅग्वार एक्सजे-२२० ची कथा

१/ डिसेंबर १९८९. जॅग्वारच्या एका गाडीसाठी प्रत्येकी ५०,००० पौंड इसार भरण्यास धनिकांची झुंबड उडाली. गाडी अद्याप तयार झालेली नव्हती. तिचा कारखानाही सज्ज व्हायचा होता. अडीच-तीन वर्षांनी गाडी आली, तेव्हा त्यांपैकी अनेकांना ती नकोशी झाली होती. मधल्या काळात काय घडले?

२/ आरंभ लोभातून झाला नव्हता. १९८७ च्या नाताळच्या सुटीत जॅग्वारचे मुख्य अभियंते जिम रँडल यांनी घरी पुठ्ठ्याची एक प्रतिकृती बनवली. काही सहकारी कामाचे तास संपल्यावर आणि शनिवारी, विनामोबदला, त्या कल्पनेवर राबू लागले. हा गट ‘सॅटर्डे क्लब’ या नावाने ओळखला जातो.

३/ ऑक्टोबर १९८८ मध्ये बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात गाडीचा नमुना झळकला. बारा सिलिंडरचे इंजिन, चारही चाकांना शक्ती आणि ताशी २२० मैल, म्हणजे सुमारे ३५४ किलोमीटर वेगाचे उद्दिष्ट. नावातील २२० हा आकडा तोच. पाहणारे भारावून गेले.

४/ काळही असामान्य होता. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी अमेरिकेचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्क्यांनी कोसळला. समभागांवरचा विश्वास डळमळला आणि पैसा चित्रे, घरे, जुन्या गाड्या अशा हाताला लागणाऱ्या वस्तूंकडे वळला. पुढच्याच महिन्यात लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील लिलावात एक बुगाटी रॉयाल ५५ लाख पौंडांना विकली गेली. अशा गाड्या मुळात मोजक्याच बनल्या होत्या.

५/ १४ ऑगस्ट १९८८ रोजी एन्झो फेरारी यांचे निधन झाले आणि फेरारींचे भाव आणखी भडकले. त्यांच्या हयातीत सादर झालेली एफ-४० ही शेवटची गाडी. ती मूळ किमतीच्या कितीतरी पट दराने हातोहात फिरू लागली. सुमारे ४०० गाड्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात १,३०० हून अधिक बनल्या.

६/ या व्यापाराचे गणित सोपे होते. इसार भरून रांगेत जागा मिळवायची आणि ताबा मिळण्याच्या सुमारास ती जागा किंवा गाडी उतावळ्या ग्राहकाला विकायची. ५०,००० पौंड गुंतवले असता गाडीचा भाव तेवढ्यानेच वाढला, तरी पैसे दुप्पट. शिवाय ब्रिटनमध्ये खासगी मोटारीच्या विक्रीतील नफ्यावर भांडवली लाभ कर लागत नसे.

७/ जॅग्वारने किंमत करांखेरीज २,९०,००० पौंड ठेवली आणि ३५० हून अधिक गाड्या बनवणार नाही, असे जाहीर केले. मागणी त्याच्या कितीतरी पट आली. करारात एक कलम होते : महागाई वाढेल तशी किंमतही वाढेल. तेजीच्या धुंदीत त्या कलमाचे भय कोणाला वाटणार?

८/ दरम्यान नमुन्याची गाडी झाली. बारा सिलिंडरचे अवजड इंजिन गेले आणि साडेतीन लिटरचे, दोन टर्बो असलेले सहा सिलिंडरचे इंजिन आले. शक्ती केवळ मागच्या चाकांना मिळाली. तरीही १९९२ मध्ये इटलीतील नार्दोच्या चाचणीपथावर तिने ताशी २१७ मैलांचा वेग गाठला. उद्दिष्ट थोडक्यात हुकले. पण अभियंत्यांनी शब्द राखला, असे म्हणणे अन्यायाचे ठरणार नाही.

९/ अर्थकारणाने मात्र शब्द राखला नाही. ऑक्टोबर १९८९ मध्येच ब्रिटनचा मूळ व्याजदर १५ टक्क्यांवर पोहोचला होता. कर्ज काढून भरलेला इसार दर महिन्याला जड होत गेला. जपानचा निक्केई निर्देशांक डिसेंबर १९८९ च्या अखेरीस शिखरावर होता. नऊ महिन्यांत तो जवळजवळ निम्म्यावर आला. चढ्या भावाने गाड्या उचलणारे जपानी ग्राहक दिसेनासे झाले.

१०/ १९९२ मध्ये ताबा देण्यास प्रारंभ झाला, तेव्हा ते विसरलेले कलम जागे झाले. किंमत करांसह ४,००,००० पौंडांच्या पुढे गेली होती आणि बाजारभाव त्याहून बराच खाली होता. दाखवलेली गाडी ही नव्हे, असे म्हणत अनेकांनी करारातून अंग काढून घेऊ पाहिले. वाद न्यायालयात गेला आणि कंपनीची बाजू उचलून धरली गेली.

११/ अखेरीस ३०० हूनही कमी गाड्या बनल्या आणि त्यांतील काही दीर्घकाळ गिऱ्हाईकाची वाट पाहत राहिल्या. रांगेची लांबी म्हणजे मागणी, असा समज झाला होता. त्या रांगेतील कितीतरी जण मुळात विकण्यासाठीच उभे होते. त्यांचे नुकसान पैशांत मोजता आले. शनिवार खर्ची घालणाऱ्यांच्या निर्मितीवर मात्र वर्षानुवर्षे ‘अपयश’ हा शिक्का राहिला.

१२/ उत्पादकांनी धडा घेतला. १९९५ च्या फेरारी एफ-५० च्या केवळ ३४९ गाड्या बनल्या आणि अमेरिकेत ती आरंभी दोन वर्षांच्या भाडेकरारानेच दिली गेली. पुढे फोर्डने आपल्या जीटी गाडीच्या करारात दोन वर्षे पुनर्विक्रीची बंदी घातली. ती मोडल्याबद्दल २०१७ मध्ये कुस्तीपटू-अभिनेता जॉन सीना यांच्यावर दावा दाखल झाला. पुढच्या वर्षी तो तडजोडीने मिटला.

१३/ भावाचा अंदाज किती फसवा असतो, हे मॅक्लारेन एफ-१ ने दाखवले. तीही त्याच मंदीत, १९९२ मध्ये अवतरली. ३०० गाड्यांचा विचार होता. १०६ च बनल्या. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांतील एक लिलावात दोन कोटी डॉलरहून अधिक किमतीला गेली.

१४/ एक्सजे-२२० ज्या ब्लॉक्सहॅमच्या कारखान्यात बनली, तो १९९१ मध्ये राजकुमारी डायना यांच्या हस्ते सुरू झाला होता. तिचे उत्पादन थांबल्यावर तेथेच ॲस्टन मार्टिनची डीबी-७ बनू लागली. ती कितीतरी स्वस्त होती आणि तिच्यासाठी इसाराची झुंबड उडाली नव्हती. तिच्या सुमारे ७,००० गाड्या खपल्या आणि डबघाईला आलेली ती कंपनी सावरली.