विजेचे सभासद

शहरांत वीज आली ती कंपनीबरोबर आली. कंपनीनें ती विकली, नागरिकानें विकत घेतली, आणि महिन्याकाठीं बिल भरलें कीं दोघांचा संबंध संपला. अमेरिकेंतील शेतकऱ्याच्या घरीं मात्र वीज निराळ्या वाटेनें गेली. त्यानें प्रथम बहुधा पांच डॉलर भरून एका सहकारी संस्थेचें सभासदत्व घेतलें, आणि मग स्वतःच्याच संस्थेच्या तारेवर स्वतःच्या घरांतला दिवा लावला. ‘ग्राहक’ आणि ‘सभासद’ ह्या दोन शब्दांत किती अंतर आहे, आणि तें अंतर राखणें किती कठीण आहे, हें पाहावयाचें असेल तर ह्या वीज-संस्थांच्या वार्षिक सभा, त्यांचे मेळावे आणि त्यांचीं लहानसान वार्तापत्रें ह्यांचा इतिहास पाहावा.

१९३५ च्या सुमारास अमेरिकेंतील शहरांत दर दहा घरांपैकीं नऊ घरांत वीज होती; शेतांवरील घरांचें प्रमाण पाहिलें तर दहांत जेमतेम एक. कारण साधें होतें. शहरांत मैलभर तार टाकली कीं शेंकडों घरें मिळत; खेड्यांत त्याच तारेवर दोन किंवा तीन. मैलाला दीड-दोन हजार डॉलर खर्च सांगून कंपन्या हात झटकीत, किंवा तो खर्च शेतकऱ्यानेंच सोसावा असें म्हणत. शेतकरी वीज वापरील तरी किती, दोन दिवे लावील आणि स्वस्थ बसेल, हा त्यांचा हिशेब. तो हिशेब करणाऱ्यांनीं शेतकऱ्याच्या बायकोला कांहीं विचारलें नव्हतें. विहिरीचें पाणी शेंदून घरीं वाहणें, धुणें हातांनीं घासणें, उन्हाळ्याच्या ऐन दुपारीं चूल पेटवून तिच्यावर लोखंडी इस्त्र्या तापवणें, हा तिचा रोजचा व्यवहार. दिवा ही तिच्या लेखीं दुय्यम गोष्ट होती. तिला हवा होता पंप.

अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांना ह्या प्रश्नाची ओळख स्वतःच्या वीजबिलावरून झाली, असें ते सांगत. पोलिओनें पाय गेल्यावर ते जॉर्जिया संस्थानांतील वॉर्म स्प्रिंग्ज येथें ऊन पाण्याच्या झऱ्यांवर उपचारासाठीं जात. तेथें त्यांचें एक लहानसें घर होतें. त्या घराचें बिल आलें तें युनिटला १८ सेंट ह्या दरानें. न्यूयॉर्ककडील हाइड पार्क येथील त्यांच्या राहत्या घरीं जो दर पडे त्याच्या चौपट. ही हकीकत त्यांनीं ११ ऑगस्ट १९३८ रोजीं जॉर्जियांतील बार्न्सव्हिल गांवीं, एका वीज सहकारी संस्थेच्या समारंभांत सांगितली. पुढाऱ्यांच्या आठवणींत मागाहून थोडी कल्हई होतेच; पण दर १८ सेंट होता हें खरें, आणि गरिबाला वीज महाग व श्रीमंताला स्वस्त हा अनुभवहि खरा.

११ मे १९३५ रोजीं त्यांनीं एका हुकुमानें ग्रामीण विद्युतीकरणाचें स्वतंत्र खातें काढलें. मॉरिस कूक हे पहिले प्रमुख; पेशानें इंजिनियर. सरकारनें पैसा स्वस्त व्याजानें द्यावा आणि कंपन्यांनीं तारा टाकाव्या अशी आरंभीं कल्पना होती. कंपन्यांनीं उत्साह दाखविला नाहीं. कर्ज मागावयास पुढें आल्या त्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था. मिसिसिपीमधील ऑल्कॉर्न जिल्ह्यांत अशा एका संस्थेचें काम १९३४ पासूनच चाललें होतें, तेव्हां उदाहरण डोळ्यांसमोर होतें. २० मे १९३६ रोजीं नेब्रास्काचे सिनेटर जॉर्ज नॉरिस आणि टेक्ससचे प्रतिनिधि सॅम रेबर्न ह्यांनीं पुरस्कारलेला कायदा अमलांत आला, आणि सहकारी संस्थांना दीर्घ मुदतीचें सरकारी कर्ज मिळूं लागलें. तारांची मांडणी सुटसुटीत करून, खांबांमधील अंतर वाढवून आणि कामाची रीत एकसारखी ठरवून मैलाचा खर्च हजार डॉलरांच्या खालीं आणला गेला. जें काम होण्याजोगें नाहीं असें तज्ज्ञ म्हणत होते तें दोन-तीन वर्षांत होऊं लागलें.

परंतु कर्ज मिळण्यापूर्वीं सभासद मिळाले पाहिजेत. आणि सभासद मिळवणें म्हणजे मंदीच्या काळांत शेतकऱ्याच्या खिशांतून पांच डॉलर काढणें. हें काम शेजाऱ्यांनींच केलें. घोड्यावर, मोडक्या मोटारींत, पायीं हिंडून लोकांनीं सह्या जमविल्या. कोणी म्हणे, सही केली तर शेत सरकारजमा होईल. कोणाला वाटे, तारेंतून वीज गळून जनावरें मरतील. पुष्कळदां नवरा कां-कूं करी आणि बायको अंडीं विकून सांठविलेले पैसे पुढें करी. जमिनींतून तार जाऊं देण्याचा हक्क बहुतेकांनीं फुकट दिला. इकडे कांहीं कंपन्यांनीं नवी युक्ति काढली. संस्थेची योजना आंखली जातांच तिच्यांतील चांगल्या वस्तीवरून आपली तार घाईनें ओढावयाची, म्हणजे उरलेल्या विरळ वस्तीवर संस्था उभीच राहूं नये. ह्या तारांना शेतकऱ्यांनीं ‘आकसाच्या तारा’ असें नांव दिलें.

ज्या दिवशीं वीज येई तो दिवस सणाचा होई. कित्येक ठिकाणीं लोकांनीं रॉकेलच्या कंदिलाची प्रेतयात्रा काढली. खड्डा खणला, लटकें अंत्यभाषण केलें आणि कंदील पुरला. घराघरांतून तर लोक सगळे दिवे लावून बाहेर अंगणांत जात आणि आपलेंच घर दुरून पाहात उभे राहात.

संस्था चालूं झाल्यावर सभासदाचीं कामें संपत नसत. पुष्कळ संस्थांत प्रारंभीं मीटर पाहावयास माणूस येतच नसे. सभासद स्वतःच मीटरवरील आंकडा वाची, स्वतःच बिलाचा हिशेब करी आणि पैसे पाठवून देई. शहरांतील कंपनीला ही रीत वेडेपणाची वाटली असती. पण ज्याची तार त्याचाच मीटर. खोटा आंकडा लिहिला तर तो लुबाडणार कोणाला?

वर्षांतून एकदां सर्वसाधारण सभा भरे. जत्रेच्या मैदानांत तंबू ठोकून किंवा शाळेच्या मोठ्या दालनांत कुटुंबेंच्या कुटुंबें जमत. हिशेब वाचले जात, संचालक निवडले जात. हजार एकरांचा धनी असो कीं दहा एकरांचा, एका सभासदाला मत एकच. मग जेवण, मुलांचे खेळ, गाणीं, आणि शेवटीं चिठ्ठ्या टाकून बक्षिसें. इस्त्री, रेडिओ, एखाद्या भाग्यवंताला शीतकपाट. गणपूर्ति व्हावी म्हणून हीं बक्षिसें शेवटीं ठेवीत, हें उघड गुपित होतें. आपल्याकडील कीर्तनांतहि खिरापत आरंभीं वाटीत नाहींत.

ह्या सर्वांत मौजेचा प्रकार म्हणजे १९३८ सालीं निघालेली सरकारी खात्याची फिरती प्रदर्शन-मंडळी. तिचें कागदोपत्रीं नांव शेती-उपकरणांचा दौरा असें होतें. लोकांनीं तिला ‘विजेची सर्कस’ म्हटलें. आयोवा संस्थानांत ती सुरू झाली. मोठा तंबू, त्यांत दिवे, पाण्याचे पंप, दूध काढण्याचीं यंत्रें, विजेच्या शेगड्या. लुइझन मेमर ही इलिनॉयमधील शेतावर वाढलेली गृहशास्त्रज्ञ बाई व्यासपीठावर उभी राहून स्वयंपाक करून दाखवी, आणि कोणतें यंत्र आधीं घ्यावें व कोणतें मागाहून हें समजावून सांगे. गांवांतील चर्चच्या बायका फराळाचें दुकान मांडून चार पैसे मिळवीत. शेवटीं गांवांतल्याच दोन ओळखीच्या पुरुषांना पुढें बोलावून, कमरेला फडके बांधून, विजेच्या शेगडीवर स्वयंपाकाची झुंज लावीत. जमलेल्या बायका हसून लोळत असतील ह्यांत शंका नाहीं. पण हेतु पक्का होता. सभासदानें वीज वापरली नाहीं तर संस्थेचें कर्ज फिटणार कसें? युद्ध जवळ आल्यावर १९४१ सालीं हा दौरा बंद पडला.

सभा वर्षांतून एकदां. मधल्या दिवसांचें काय? त्यासाठीं वार्तापत्रें निघालीं. प्रथम चक्रमुद्रित एखाद-दुसरें पान असे. पुढें संस्थानवार मासिकें झालीं. विस्कॉन्सिनमध्यें असें पत्र १९४० पासून निघूं लागलें, टेक्ससमध्यें १९४४ पासून. त्यांतील मजकूर मोठा वाङ्मयीन नव्हे. नवीन जोडण्या किती झाल्या, वादळानें कोणत्या तारा तुटल्या आणि त्या जोडावयास कोण रात्रभर खांबावर होतें, तारेजवळ पतंग उडवूं नये, भोपळ्याची मिठाई कशी करावी, कोणाकडे जुनें रहाट विकाऊ आहे. कांहीं पत्रांत मजकुराच्या मधोमध एखाद्या सभासदाचा खाते-क्रमांक दडवून ठेवीत. ज्याला तो आपला म्हणून सांपडेल त्याच्या बिलांत सूट. म्हणजे हिशेबाचें पान निदान क्रमांक शोधण्यासाठीं तरी लोक डोळ्यांखालून घालीत. ह्या क्षुल्लक बातम्यांनीं मोठें काम केलें. दहा-दहा मैलांवर राहणाऱ्या माणसांना आपण एका संस्थेचे आहोंत ही जाणीव त्यांनीं दिली.

ह्या चित्राला काळी बाजूहि आहे. दक्षिणेकडील संस्थानांत बटाईनें शेती करणाऱ्या, विशेषतः कृष्णवर्णीय, कुटुंबांच्या झोंपड्यांपर्यंत तार फार उशीरां गेली. घर मालकाचें, म्हणून अर्ज करावयाचा तो मालकानें. आणि मालकाला घाई नव्हती.

१९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील बहुतेक शेतांवर वीज आली, आणि तेथूनच सभासद हळूहळू ग्राहक होऊं लागला. ज्यानें खांबासाठीं खड्डे खणले तो म्हातारा झाला. त्याच्या नातवाला वीज नव्हती असा काळ ठाऊकच नव्हता. ह्याचें उदाहरण टेक्ससमधील पेडर्नालेस संस्थेइतकें बोलकें दुसरें नाहीं. लिंडन जॉन्सन तरुण प्रतिनिधि असतांना ह्या डोंगराळ भागासाठीं धडपडले. मैलाला तीन गिऱ्हाइकें असावीं हा नियम तेथें आड येत होता. जॉन्सन ह्यांनीं खुद्द रूझवेल्टना गांठून १९३८ सालीं कर्ज मंजूर करून घेतलें आणि १९३९ सालीं तेथें दिवे लागले. पुढें ही देशांतील सर्वांत मोठी वितरण-संस्था झाली. आज तिचे मीटर चार लाखांहून अधिक आहेत. परंतु मधल्या काळांत संचालकांची निवडणूक नांवापुरती उरली. नेमलेली समिति बहुधा एका जागेला एकच नांव सुचवी, आणि वार्षिक सभा तें संमत करी. जेवण होत होतें, बक्षिसें वांटलीं जात होतीं, वार्तापत्र घरोघर जात होतें. प्रश्न विचारणारा मात्र कोणी नव्हता. २००७ सालीं कांहीं सभासदांनीं खर्चाविषयीं विचारणा करून कोर्टांत दावा लावला, तेव्हां कोठें दारें उघडलीं. २००८ मध्यें खुली निवडणूक झाली, सभासदांच्या हक्कांची सनद मान्य झाली. आणि २०१० सालीं माजी सरव्यवस्थापकाला संस्थेच्या पैशाच्या अपहाराबद्दल ज्यूरीनें दोषी ठरविलें. मजेची गोष्ट अशी कीं ह्या सुधारणेसाठीं नवा कायदा लागला नाहीं. एका सभासदाला एक मत हा नियम १९३८ पासून होताच.

हा प्रयोग भारतांतहि आला. ग्रामीण विद्युतीकरण निगम १९६९ सालीं स्थापन झालें आणि त्याच्या साहाय्यानें, अमेरिकन सहकारी संस्थांच्या सल्ल्यानें, पांच ठिकाणीं नमुन्याच्या संस्था उभ्या राहिल्या: आंध्रांत सिरसिल्ला, गुजराथेंत कोडिनार, उत्तर प्रदेशांत लखनौ, कर्नाटकांत बेळगांव जिल्ह्यांतील हुक्केरी आणि महाराष्ट्रांत श्रीरामपूरची मुळा-प्रवरा. ज्या प्रवरेच्या कांठीं विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ह्यांनीं सहकारी साखर कारखाना उभारला, त्याच नगर जिल्ह्यांतील भूमि ह्या कामाला निवडली गेली हें योग्यच होतें. श्रीरामपूर-राहुरीकडील गांवांतून तारा गेल्या. विहिरींवरील पंप चालूं लागले, ऊस वाढला. संस्था वीज मंडळाकडून ठोक विकत घेई आणि सभासदांना वांटी. पण अमेरिकन शेतकरी स्वतःचा मीटर स्वतः वाचीत असे, आणि महाराष्ट्रांत शेतीपंपांच्या बाबतींत मीटरच मागें पडून अश्वशक्तीवर आकारणी करण्याची पद्धति रूढ झाली. किती वीज आली, किती गेली आणि कोणाकडे किती येणें, ह्याचा मेळ बसेना. ठोक दराचा वाद आणि वाढती थकबाकी ह्यांत वर्षें गेलीं. अखेर २०११ सालीं वीज नियामक आयोगाच्या निर्णयानें तेथील वितरण महावितरण कंपनीकडे गेलें, आणि हजारों सभासद एका रात्रींत ग्राहक झाले. दिवे विझले नाहींत. बिलावरील नांव बदललें.

अमेरिकेंत आजहि अशा सुमारें ९०० संस्था सुमारें चार कोटि लोकांना वीज पुरवितात. पांच भारतीय नमुन्यांपैकीं सिरसिल्ला आणि हुक्केरी ह्या संस्था टिकल्या आहेत. कोल्हापूरहून बेळगांवकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून हुक्केरी तालुका आहे, आणि तेथील वीज-संस्थेच्या संचालक मंडळाची २०२५ सालची निवडणूक एवढ्या चुरशीनें लढविली गेली कीं ती विधानसभेची वाटावी. पक्ष, घराणीं आणि जातींचें राजकारण तींत पुरेपूर होतें. तरी खांबांवर मालकी कोणाची, हा प्रश्न तेथें अजून मतपेटीकडे जातो.