केव्ह-इन-रॉक

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील इलिनॉय राज्याच्या आग्नेय टोकाला, हार्डिन काउंटीत, ओहायओ नदीच्या उत्तर काठावरील नैसर्गिक गुहा. शेजारच्या लहानशा गावालाही हेच नाव आहे. नदीच्या वरच्या अंगाला शॉनीटाउन आणि खालच्या अंगाला केंटकी राज्यातील पडूका ही गावे लागतात. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत पश्चिमेकडे नवी वस्ती करायला निघालेली कुटुंबे, व्यापारी आणि नावाडी या गुहेवरून जात. त्यांच्यापैकी पुष्कळ जण येथे थांबत, आत हिंडून पाहत आणि भिंतीवर आपले नाव कोरून पुढे निघत. नदीवरच्या लुटारूंचा अड्डा म्हणून गुहेची जी ख्याती झाली, ती याच काळातली.

गुहा चुनखडकाच्या उभ्या कड्यात आहे. हा खडक तेहेतीस कोटी वर्षांहून जुन्या उथळ समुद्राच्या तळाशी साचलेल्या थरांचा आहे. गुहा मात्र त्यामानाने अगदी अलीकडची. चुन्याचा अंश विरघळवत झिरपणाऱ्या पाण्याने खडकातल्या भेगा रुंदावत नेल्या आणि ही पोकळी तयार झाली. कमानीसारखे तिचे तोंड सुमारे १७ मीटर (५५ फूट) रुंद असून थेट नदीकडे उघडते. तळ आत हळूहळू चढत जातो. आतील बाजूला छतात एक भोक आहे, त्यातून वरचा उजेड खाली येतो. गुहेत लेणी नाहीत, मूर्ती नाहीत, लवणस्तंभांची नजर खिळवणारी रांगही नाही. एकच प्रशस्त, कोरडी आणि उंच खोली, एवढेच तिचे स्वरूप. नदीला मोठा पूर आला की पाणी थेट आत शिरते; अशा वेळी छोटी नाव गुहेत नेता येत असे.

गुहेची लेखी नोंद फ्रेंचांपासून सुरू होते. कॅनडा आणि लुइझियाना या आपल्या दोन वसाहती नदीमार्गाने जोडण्यासाठी फ्रेंच ओहायओवरून ये-जा करीत. १७३९ मध्ये द लेरी या फ्रेंच अधिकाऱ्याने नदीची पाहणी केली तेव्हा ही गुहा नोंदली गेली, आणि १७४४ मध्ये शार्लव्हा या फ्रेंच इतिहासकाराच्या ग्रंथासोबत निघालेल्या नकाशावर ती फ्रेंच नावाने दाखवलेली आहे. सध्याचे इंग्रजी नाव त्या नावाचाच सरळ अनुवाद आहे. अर्थात त्याआधी कितीतरी शतके या खोऱ्यात मूळ अमेरिकी समाज राहत होते, आणि कड्यातले एवढे मोठे तोंड त्यांच्या नजरेतून सुटले असणे शक्य नाही.

गुहेचे दिवस पालटले ते स्वातंत्र्ययुद्धानंतर. १७८७ च्या वायव्य प्रदेशाच्या कायद्याने ओहायओच्या उत्तरेकडील भूभागाची राज्यव्यवस्था ठरली, १७९२ मध्ये केंटकी राज्य झाले आणि मूळ अमेरिकी समाजांशी झालेल्या १७९५ च्या ग्रीनव्हिलच्या तहानंतर नदीवरचा प्रवास पूर्वीपेक्षा निर्धास्त झाला. डोंगर ओलांडून आलेली कुटुंबे पिट्सबर्गला किंवा त्याच्या आसपास सपाट तळाची नाव विकत घेत किंवा बांधून घेत. जाड फळ्यांची, वर झोपडी असलेली ही नाव म्हणजे प्रवाहावर सोडलेले घरच. माणसे, गुरे, नांगर, बियाणे, पीठ, सारे तीत असे. तिला शीड नसे. वल्ह्यांचा उपयोग मुख्यतः दिशा सांभाळण्यापुरता. नेण्याचे काम नदीचे. प्रवाहाविरुद्ध परत येणे अशक्यप्राय असल्याने मुक्कामी पोहोचल्यावर नाव मोडून तिच्या फळ्या विकत किंवा घराला वापरत.

अशा नावेला गुहेजवळ थांबायला बरीच कारणे होती. कित्येक आठवडे नावेत काढलेल्यांना ताठ उभे राहायला, चूल पेटवायला आणि पावसात कोरडे झोपायला ही जागा मिळे. वरच्या अंगाला सलाइन नदी ओहायओला मिळते आणि तिच्या खोऱ्यात मिठागरे होती, त्यामुळे मिठाच्या व्यापाऱ्यांच्या नावाही या पट्ट्यात सतत असत. आणि उंच कड्यातले काळे तोंड दुरूनच ओळखू येई. मैलाचे दगड नसलेल्या नदीवर आपण कोठवर आलो हे कळायला अशी खूण फार मोलाची. झॅडॉक क्रेमरने पिट्सबर्गहून १८०१ पासून प्रसिद्ध केलेल्या ‘द नॅव्हिगेटर’ या नावाड्यांच्या मार्गदर्शक पुस्तकात गुहेचे वर्णन येते. पुढे अनेक आवृत्त्या निघालेले हे पुस्तक नावेनावेत असे, आणि त्यामुळे गुहा पाहणे हा प्रवासाचा जणू ठरलेला भाग झाला.

ज्या कारणांनी प्रवासी येथे थांबत, त्याच कारणांनी लुटारूंनाही ही जागा सोयीची होती. कड्यावर उभे राहिले की वरून येणारी नाव बरीच आधी दिसे. थोडे खाली हरिकेन बेट आणि वाळूचे बांध होते. तेथे पाण्याची वाट अवघड असल्याने अनोळखी नावाड्याला वाटाड्याची गरज भासे, आणि वाटाड्या म्हणून नावेवर चढलेला माणूस तिला हवी तेथे अडकवू शके. सीमेचा प्रश्नही होताच. केंटकीची हद्द नदीच्या उत्तर काठाच्या उन्हाळी पाण्याच्या रेषेपर्यंत पोहोचते. म्हणजे पाणी एका राज्याचे आणि काठ दुसऱ्या, जवळजवळ निर्मनुष्य प्रदेशाचा. पाण्यात केलेल्या गुन्ह्याचा माल काठावर नेला की त्याच्या मागे येणारा कोतवाल उरत नसे. ही सीमा पुढे इतकी वादाची ठरली की ती १७९२ च्या पाण्याच्या रेषेवर असल्याचा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिला.

या अड्ड्याशी सर्वाधिक जोडले गेलेले नाव सॅम्युअल मेसनचे. व्हर्जिनियात जन्मलेला मेसन स्वातंत्र्ययुद्धात लष्करी तुकडीचा कप्तान होता आणि १७७७ मध्ये व्हीलिंग येथील फोर्ट हेन्रीच्या लढाईत जखमी झाला होता. देशासाठी लढलेला हा माणूस पुढे लुटारूंचा म्होरक्या झाला. केंटकीतील रेड बँक्स (आजचे हेंडरसन) येथून हटवला गेल्यावर तो १७९७ च्या सुमारास गुहेत आला. येथे त्याने दारूचे दुकान आणि करमणुकीची जागा उघडल्याची पाटी लावली होती, असे परंपरा सांगते. आत आलेल्याला दारू पाजायची, मालाचा अंदाज घ्यायचा आणि पुढे नाव गाठून ती लुटायची, ही त्याची रीत सांगतात. लुटलेला माल त्याच नावांतून खाली न्यू ऑर्लीन्सकडे विकायला जाई.

१७९९ मध्ये मायकाजा आणि वायली हे हार्प बंधू काही काळ येथे आले. टेनेसी आणि केंटकीत अनेक खून केलेले हे दोघे लुटीपेक्षा हत्येसाठीच हत्या करीत. त्यांनी एका कैद्याला घोड्याला बांधून कड्यावरून खाली ढकलले आणि ते पाहून लुटारूंनीही त्यांना हाकलून दिले, ही कथा स्थानिक परंपरेत पक्की रुजली आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पाठलाग करणाऱ्या टोळीने मायकाजाला ठार केले आणि त्याचे डोके केंटकीतील एका रस्त्याच्या फाट्यावर टांगले.

मेसनने गुहा लवकरच सोडली आणि मिसिसिपी नदी व नॅचेझच्या वाटेवर लूटमार चालवली. १८०२ मध्ये मिसिसिपी प्रांताचा गव्हर्नर क्लेबॉर्न याने त्याला पकडणाऱ्यास बक्षीस जाहीर केले. जानेवारी १८०३ मध्ये स्पॅनिश अधिकाऱ्यांनी त्याला पकडून तेव्हा स्पेनच्या ताब्यातल्या न्यू माद्रिद येथे त्याची चौकशी केली. त्या चौकशीची कागदपत्रे उपलब्ध आहेत आणि मेसनविषयीचा सर्वांत भरवशाचा पुरावा तोच. अमेरिकी अधिकाऱ्यांकडे नेत असताना तो निसटला. त्यानंतर बक्षिसासाठी त्याचे डोके घेऊन दोघे जण हजर झाले. त्यांतला एक वायली हार्प असल्याचे ओळखले गेले आणि १८०४ च्या आरंभी दोघांनाही मिसिसिपीतील ग्रीनव्हिल येथे फाशी देण्यात आली.

मेसन व हार्प यांचा गुहेतला मुक्काम दोन-तीन वर्षांपलीकडचा नाही. त्यांच्यामागे खोटी नाणी व नोटा पाडणाऱ्यांच्या टोळ्यांची नावे या परिसराशी जोडली जातात, पण त्यांतले पुष्कळसे ऐकीव आहे. दंतकथा वाढवण्याचे काम लेखकांनी केले. टॉमस ॲश या इंग्रज प्रवाशाचे १८०८ मध्ये लंडनला निघालेले प्रवासवर्णन अतिशयोक्तीने भरलेले असून त्यातील गुहेच्या वर्णनावर विसंबता येत नाही. १८३३ मध्ये जेम्स हॉलने हार्प बंधूंवर कादंबरी लिहिली. लुईव्हिलच्या फिल्सन क्लबचे चिटणीस ऑटो रॉथर्ट यांनी १९२४ मध्ये गुहेतील लुटारूंवर ग्रंथ प्रसिद्ध केला. न्यायालयीन कागद, जुनी वर्तमानपत्रे आणि प्रवासवर्णने समोर ठेवून दंतकथेतून इतिहास निवडण्याचा तो पहिला मोठा प्रयत्न असून या विषयाचा आधार म्हणून आजही तोच हाताशी घ्यावा लागतो.

१८११ च्या अखेरीस ‘न्यू ऑर्लीन्स’ ही ओहायओवरची पहिली आगबोट या गुहेसमोरून गेली. आगबोटींची ये-जा वाढली तसे प्रवाहावर वाहत जाणारे प्रवासी कमी झाले, काठांवर वस्ती व कायदा आला आणि गुहा लांबूनच पाहायची वस्तू झाली. स्विस चित्रकार कार्ल बोडमर याने जर्मन राजपुत्र मॅक्सिमिलियन यांच्यासोबतच्या १८३२–३४ च्या अमेरिका प्रवासात तिचे चित्र काढले. त्याच्या प्रसिद्ध चित्रसंग्रहातील हे चित्र गुहेच्या जुन्या रूपाचा उत्तम दाखला आहे.

विसाव्या शतकात या परिसराची ओळख फ्लोराइट खनिजामुळे झाली. पोलाद व रसायन उद्योगांना लागणारे हे खनिज हार्डिन काउंटीत विपुल निघे. १९६५ मध्ये ते इलिनॉयचे राज्य-खनिज ठरले आणि १९९५ मध्ये खाणकाम थांबले. गुहेभोवतीची जमीन इलिनॉय शासनाने १९२९ मध्ये घेऊन तेथे राज्य उद्यान केले. त्याचे आजचे क्षेत्र सुमारे ८३ हेक्टर (२०४ एकर) आहे. नदीचाच्यांवरील डिस्नेच्या १९५६ च्या चित्रपटाचे आणि ‘हाउ द वेस्ट वॉज वन’ (१९६२) या चित्रपटातील एका प्रसंगाचे चित्रीकरण येथे झाले. प्रवाशांनी कोरलेली जुनी नावे नंतरच्या पर्यटकांच्या खरडण्याखाली बरीचशी झाकली गेली आहेत, ही मोठीच हानी म्हणावी लागेल. त्या काळच्या साध्या माणसांनी स्वतःच्या हाताने मागे ठेवलेली नोंद तेवढीच होती.

गावातून केंटकीच्या काठावर जाणारी मोटारींची तर दोन्ही राज्यांच्या खर्चाने विनामूल्य चालते, आणि नदीच्या बाजूने गुहा पाहायची असेल तर तीच सोयीची. गुहेच्या तोंडाशी नदीकाठची पायवाट उतरते. पाणी चढले की ती बुडते, म्हणून वसंतातल्या पुराचे दिवस टाळून उन्हाळ्याच्या अखेरीस किंवा शरद ऋतूत जावे.