दोन रकान्यांचा कागद

सॅली राइड यांच्याविषयी कोणत्याही कोशात पहिली ओळ एकच असते : अवकाशात गेलेली पहिली अमेरिकन स्त्री. ओळ खरी आहे. १८ जून १९८३ रोजी फ्लोरिडातून 'चॅलेंजर' यान उडाले तेव्हा त्या बत्तीस वर्षांच्या होत्या. पण या 'पहिली'ने दोन गोष्टी झाकल्या जातात. एक म्हणजे, सोव्हिएत संघाच्या व्हॅलेंतिना तेरेश्कोवा त्याच्या वीस वर्षे आधी, १९६३ मध्ये, आणि स्वेतलाना सावित्स्काया १९८२ मध्ये अवकाशात जाऊन आल्या होत्या. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. राइड या मुळात भौतिकशास्त्रज्ञ होत्या आणि या नात्याने त्यांनी केलेले, माझ्या मते, सर्वांत मोलाचे काम अवकाशात झालेच नाही. ते जमिनीवर, चालता चालता, एक शब्दही न उच्चारता झाले; आणि त्या हयात असेपर्यंत ते त्यांच्या नावावर नोंदले गेले नाही.

२६ मे १९५१ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील राज्यशास्त्र शिकवत. घरात पुस्तके होती, पण मुलीचा जीव होता टेनिसमध्ये. पेनसिल्व्हेनियातल्या स्वार्थमोर महाविद्यालयात जेमतेम तीन सत्रे काढून ती परत कॅलिफोर्नियात आली, ती टेनिसचे काही जमते का हे पाहायला. ते जमण्यासारखे नाही हे तिचे तिलाच उमगले. मग स्टॅनफर्ड. तिथे १९७३ मध्ये तिने दोन पदव्या एकदमच मिळवल्या, एक भौतिकशास्त्राची आणि दुसरी इंग्रजी साहित्याची. शेक्सपिअर आवडीचा. पीएच.डी.चा विषय होता ताऱ्यांमधल्या विरळ द्रव्याशी क्ष-किरणांची होणारी आंतरक्रिया.

प्रबंध संपत आला असताना, १९७७ च्या प्रारंभी, विद्यापीठाच्या विद्यार्थी वृत्तपत्रात तिला नासाच्या भरतीची बातमी दिसली. तोवर अमेरिकेचे अंतराळवीर म्हणजे बहुतांशी लष्करी चाचणी-वैमानिक. स्पेस शटलमध्ये मात्र वैमानिकांखेरीज प्रयोग करणारी, उपग्रह सोडणारी माणसे लागणार होती. आठ हजारांवर अर्ज आले, पस्तीस जण निवडले गेले, त्यांत सहा स्त्रिया. त्या १९७८ च्या तुकडीतली आणखी चार नावे इथेच सांगून ठेवतो : विद्युत अभियंता ज्युडिथ रेझनिक, लेसरवर संशोधन केलेले भौतिकशास्त्रज्ञ रॉनल्ड मॅकनेअर, एलिसन ओनिझुका आणि फ्रान्सिस स्कोबी.

राइड यांनी हातात घेतलेले काम होते शटलचा यांत्रिक हात. कॅनडात बनलेला, सुमारे १५ मीटर लांबीचा हा हात वापरून यानाच्या पोटातला उपग्रह उचलायचा, बाहेर सोडायचा, पुन्हा पकडायचा. त्यात त्या इतक्या तरबेज झाल्या की निवडीच्या वेळी त्यांचे ते कौशल्य त्यांच्या बाजूने बोलले. पत्रकारांना मात्र त्यात रस नव्हता. काम बिघडले की तुम्ही रडता का, उड्डाणाने तुमच्या गर्भधारणेवर परिणाम होईल का, असे प्रश्न भर पत्रकार परिषदेत विचारले गेले. नासाचे अभियंतेही मागे नव्हते. सात दिवसांच्या प्रवासाला शंभर टॅम्पॉन पुरतील ना, अशी त्यांनी गंभीरपणे चौकशी केली. राइड हा किस्सा पुढे हसत सांगत. हसण्यावारी नेण्याची ही सवय त्यांना आयुष्यभर उपयोगी पडली, आणि तिची किंमतही त्यांनी मोजली असावी.

पहिल्या सफरीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मला दुसरीतला, ऑक्टोबर १९८४ मधला, एक छोटा प्रसंग जास्त बोलका वाटतो. पृथ्वीवर येणाऱ्या आणि पृथ्वीवरून जाणाऱ्या उष्णतेचा हिशेब ठेवणारा उपग्रह सोडायचा होता, आणि त्याचा सौर पंखा उघडेना. बिजागर थंडीने आखडले होते. राइड यांनी यांत्रिक हाताने उपग्रह हलवून पाहिला, मग तो तसाच उन्हात धरला. पंखा उघडला. थंडीत वस्तू आखडते आणि ऊब मिळाली की सैलावते, हे घरातल्या कुणालाही ठाऊक असलेले भौतिकशास्त्र. सव्वा वर्षाने तेच भौतिकशास्त्र सात जिवांच्या आड आले.

२८ जानेवारी १९८६ च्या सकाळी फ्लोरिडात कडाक्याची थंडी होती. उड्डाणस्थळी बर्फाच्या लोळ्या लटकत होत्या. साडेअकरा वाजून गेल्यावर यान उडाले तेव्हा हवेचे तापमान दोन अंश सेल्सिअसच्या आसपास होते. ७३ सेकंदांनी 'चॅलेंजर' आकाशात तुटून विखुरले. आधी सांगितलेली चारही नावे त्या सातांमध्ये होती. राइड तेव्हा आपल्या तिसऱ्या सफरीची तयारी करत होत्या.

चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष होते माजी परराष्ट्रमंत्री विल्यम रॉजर्स. सदस्यांत नील आर्मस्ट्राँग, नोबेल विजेते रिचर्ड फाइनमन, हवाई दलाचे जनरल डोनाल्ड कुटिना आणि सॅली राइड. यात राइड यांची जागा विचित्र होती. त्या मेलेल्यांच्या सहकारी होत्या आणि ज्या संस्थेची चौकशी चालली होती तिच्याच पगारावर होत्या.

बिघाड कुठे झाला ते आधी पाहू. शटलच्या दोन्ही बाजूंना असलेले घन इंधनाचे अग्निबाण एकसंध नसत. पिंपावर पिंप रचावे तसे त्यांचे भाग एकमेकांवर बसवलेले असत. जोडातून आतला जळता वायू बाहेर पडू नये म्हणून तिथे रबराची दोन कडी असत. कड्याचा व्यास पावणेचार मीटरच्या जवळपास, आणि जाडी जेमतेम सात मिलिमीटर. इंधन पेटताच दाबाने जोड किंचित फाकतो. त्या क्षणार्धात रबराने उसळून फट भरून काढायची. रबर थंड असेल तर ते दाबलेल्या आकारातच रेंगाळते. वायूला तेवढी उसंत पुरते.

हे कंपनीतल्या अभियंत्यांना कळले नव्हते असे नाही. अग्निबाण बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉलच्या रॉजर बोजोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आदल्या रात्री दूरध्वनीवरच्या बैठकीत उड्डाणाला विरोध केला होता. तोवरचे सर्वांत थंड उड्डाण १२ अंशांच्या आसपास झाले होते, आणि त्याही वेळी कड्यांपाशी काजळी सापडली होती. नासाच्या अधिकाऱ्यांनी नाराजी दाखवली. थायोकॉलच्या एका वरिष्ठाने सहकाऱ्याला अभियंत्याची टोपी काढून व्यवस्थापकाची घालायला सांगितले, आणि निर्णय फिरला.

आयोगाच्या सुरुवातीच्या दिवसांत हे सारे बाहेर यायचे होते. अशात एके दिवशी राइड आणि कुटिना बरोबर चालत होते. कुटिना यांच्या सांगण्यानुसार, राइड यांनी समोरची नजर न हटवता वही उघडली, एक कागद काढून त्यांच्या हातात ठेवला आणि त्या पुढे निघून गेल्या. कागदावर दोन रकाने होते : एकात तापमान, दुसऱ्यात रबराच्या कड्याची लवचीकता. तापमान उतरत गेले की दुसरा आकडाही उतरत गेलेला. तो कागद नासाचा होता, म्हणजे ही गोष्ट संस्थेला माहीत होती.

कुटिना पेचात पडले. कागद दाखवला तर तो कुठून आला हे शोधले जाईल, आणि देणारीची व तिला देणाऱ्याची नोकरी जाईल. त्यांनी फाइनमन यांना नुसती कळ दिली : मोटारीचा कार्ब्युरेटर, त्यातली रबराची कडी, थंडीत त्यांचे काय होते? (फाइनमन यांच्या आठवणीत हे बोलणे फोनवर होते, कुटिना यांच्या आठवणीत ते घरच्या गॅरेजमध्ये, जेवायला बोलावले असताना. इतिहासाच्या साधनांची अशी गंमत असते. मुद्दा दोन्हींत एकच राहतो.) ११ फेब्रुवारीला, दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर, फाइनमन यांनी रबराचा तुकडा चिमट्यात आवळून बर्फाच्या पाण्यात बुडवला, बाहेर काढला, आणि चिमटा सोडल्यावर तो लगेच मूळ आकारात येत नाही हे दाखवले. विसाव्या शतकातला कदाचित सर्वांत प्रसिद्ध पेलाभर पाण्याचा प्रयोग! त्याचे श्रेय फाइनमन यांना मिळाले, आणि ते त्यांना शोभूनही दिसले.

राइड त्या खोलीतच बसल्या होत्या.

याला धैर्य म्हणायचे की सावधपणा? माझे उत्तर असे की, दोन्ही. आणि त्यांना वेगळे करण्याचा आग्रह आपण बाहेर बसलेल्यांनी धरू नये. उघड बोलण्याची किंमत काय असते हे बोजोले यांच्याकडे पाहून कळते. त्यांनी आयोगासमोर साक्ष दिली, कागदपत्रे दिली, आणि स्वतःच्याच कंपनीत ते परके झाले. पुढे नोकरी सुटली. त्या साक्षीनंतर राइड यांनी जवळ जाऊन त्यांना मिठी मारली. एवढ्या मंडळींत आपल्याला उघड आधार देणारी ती एकटीच होती, असे बोजोले नंतर सांगत. म्हणजे गप्प राहणे हा त्यांचा स्वभाव होता, भित्रेपणा नव्हे. कागदाबाबत गप्प राहिल्यामुळे तो देणारा माणूस वाचला. सत्य बाहेर येणे महत्त्वाचे, ते कुणाच्या तोंडून आले हे नव्हे, असा हिशेब त्यामागे दिसतो. कीर्तीचा कंटाळा आलेल्या माणसालाच तो इतका सहज जमत असेल.

१९८७ मध्ये, नासाच्या भवितव्यावरचा अहवाल हातावेगळा करून त्या बाहेर पडल्या. त्या अहवालात चंद्र आणि मंगळाच्या बरोबरीने पृथ्वीच्या अभ्यासाला स्थान होते, ही गोष्ट आज जास्त लक्षात येते. १९८९ पासून सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या प्राध्यापक. २००१ मध्ये शाळकरी मुलींना विज्ञानाची गोडी लागावी म्हणून स्थापन केलेली संस्था. तिच्या संस्थापकांत टॅम ओशॉनेसी होत्या, टेनिसच्या दिवसांपासूनची मैत्रीण.

१ फेब्रुवारी २००३ रोजी 'कोलंबिया' पृथ्वीकडे परतताना नष्ट झाले. आपल्याकडे तो दिवस कर्नालच्या कल्पना चावला यांच्यामुळे घराघरांत शोकाचा झाला. चौकशी मंडळात राइड पुन्हा होत्या. दोन्ही चौकशांत बसलेल्या त्या एकट्याच. या वेळी कारण होते इंधनटाकीवरच्या फोमचा निसटलेला तुकडा, जो डाव्या पंखावर आदळला. फोम आधीही निसटत असे. काही झाले नव्हते, म्हणून काही होणार नाही असे धरले गेले. रबराच्या कड्यांबाबत नेमके हेच झाले होते. आपल्याला 'चॅलेंजर'चे प्रतिध्वनी ऐकू येताहेत, असे राइड यांनी जाहीरपणे सांगितले. आता त्या नासाच्या नोकर नव्हत्या.

२३ जुलै २०१२ रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. संस्थेने काढलेल्या निवेदनात मागे राहिलेल्यांच्या यादीत, आई आणि बहिणीच्या बरोबरीने, टॅम ओशॉनेसी यांचे नाव होते : सत्तावीस वर्षांच्या सहचारिणी. बहुतेक जगाला हे तेव्हाच कळले. त्या कागदाची हकीकतही कुटिना यांनी जगाला सांगितली ती राइड गेल्यानंतरच. मधली सव्वीस वर्षे ती त्यांनी आपल्यापाशी ठेवली होती.