हात, डोके आणि वेळापत्रक

पिंपरीपासून भोसरीमार्गे चाकणपर्यंतच्या पट्ट्यात दरवर्षी जून महिना उजाडला, की एकच प्रश्न घरोघरी विचारला जातो : ‘दहावीनंतर काय?’ कोणी अकरावी विज्ञानाचा अर्ज भरतो, कोणी तंत्रनिकेतनाचा, कोणी आयटीआयचा. प्रश्न जूनमध्ये विचारला जात असला, तरी त्याचे उत्तर बरेचसे आधीच ठरून गेलेले असते. आठवी ते दहावी या तीन वर्षांत मुलाने काय शिकले, कशाला हात लावला आणि कोणता विषय ‘आपल्याला जमत नाही’ म्हणून सोडून दिला, यावर ते ठरते. शाळेचे शेवटचे टप्पे कशासाठी आखायचे? महाविद्यालयासाठी, नोकरीसाठी की जगण्यासाठी? हा प्रश्न आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षे चर्चेत आहे. त्याचा इतिहास थोडक्यात पाहू.

मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. मॅट्रिक ही मुळात शाळा संपल्याची परीक्षा नव्हती, विद्यापीठात शिरण्याची होती. पण शाळेच्या टोकाला दुसरे काहीच नसल्याने सगळी शाळा तिच्यासाठी चालू लागली. विद्यापीठात कधीही न जाणारी मुलेसुद्धा विद्यापीठाने ठरवलेलाच अभ्यास करू लागली. परीक्षेने शाळेचा अभ्यास ठरवावा, ही उलटी रीत तेव्हापासूनची आहे.

ही गोष्ट त्या काळीच काहींच्या लक्षात आली होती. १८८२ मध्ये हंटर आयोग नेमला गेला. त्याच्यापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्याहून निवेदन दिले. सामान्य रयतेच्या प्राथमिक शिक्षणाचा आग्रह हा त्या निवेदनाचा गाभा होता. त्याचबरोबर शाळेत मोडी व बालबोध वाचन-लेखनासोबत हिशेब, शेतीची मूलतत्त्वे आणि आरोग्याची माहिती असावी, अशीही त्यांची मागणी होती. व्यवहारात उपयोगी पडेल असे ज्ञान सर्वांना मिळावे, हा त्यामागचा विचार होता.

आयोगाने माध्यमिक शाळांसाठी सुचवलेला उपाय वेगळा होता. वरच्या वर्गांत दोन वाटा कराव्यात : ‘ए’ अभ्यासक्रम विद्यापीठाकडे जाणाऱ्यांसाठी आणि ‘बी’ अभ्यासक्रम व्यापार-उद्योगाकडे वळणाऱ्यांसाठी. कागदावर ही सूचना शहाणपणाची दिसते, पण ‘बी’ वाट कधी रुळलीच नाही. ती निवडली, की विद्यापीठाचे दार बंद होणार आणि विद्यापीठाची पदवी तर प्रतिष्ठेची व नोकरीची हमी. मग आपले मूल त्या वाटेने कोण पाठवणार? फुल्यांच्या सूचनेत व्यवहारज्ञान सर्वांसाठी होते, आयोगाच्या सूचनेत ते ‘इतरांसाठी’ झाले. हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढचा सगळा इतिहास त्याच्याभोवती फिरतो.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि महात्मा गांधींच्या मूलोद्योगी शिक्षणाचा आराखडा पुढे आला. हातकामाच्या माध्यमातून सर्व विषय शिकवावेत आणि ते सर्व मुलांना शिकवावेत, ही ‘नई तालीम’ची भूमिका होती. प्रत्यक्षात अनेक शाळांत टकळी उरली आणि तिच्याशी जोडायचे गणित व विज्ञान मागे पडले. स्वातंत्र्यानंतर १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळांची कल्पना मांडली : काही विषय सर्वांना समान आणि त्यांच्या जोडीला मानव्यविद्या, विज्ञान, तंत्र, वाणिज्य, शेती, ललित कला व गृहविज्ञान या सात गटांपैकी एक. आपल्याकडे तोवर मॅट्रिकची जागा एस.एस.सी.ने घेतली होती. तांत्रिक विद्यालयेही निघाली, पण वर्गाची घडी फारशी बदलली नाही. फळा, खडू आणि टोकाला परीक्षा.

याच काळात पुण्याच्या वायव्येला एक नवे जग आकार घेत होते. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरीच्या शेतजमिनींवर शेड उभ्या राहिल्या. १९६६ मध्ये टेल्कोने येथे पाय रोवले. येथून वाहने बाहेर पडायला सत्तरीचे दशक बरेच सरावे लागले, पण यंत्रे घडवण्याचा आणि कामगारांना प्रशिक्षण देण्याचा विभाग मात्र सुरुवातीलाच उभा राहिला. यातला धडा साधा आहे. कारखाना विटांनी बांधता येतो, पण जोडारी, कातारी आणि संधाता यांना घडवायला वर्षे लागतात.

शिकाऊ उमेदवारांसाठीचा कायदा १९६१ चा. त्यामुळे कारखान्यांना ठरावीक संख्येने उमेदवार घेणे बंधनकारक झाले. म्हणजे शाळेबाहेर शिक्षणाची एक सबंध दुसरी व्यवस्था उभी राहिली. ती शाळेपासून दोन-चार मैलांवर होती, पण शाळेच्या वेळापत्रकात तिचा मागमूस नव्हता.

शाळा आणि काम यांतले हे अंतर कोठारी आयोगाने नेमके हेरले. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या या आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातले. आयोगाने दोन महत्त्वाच्या गोष्टी सांगितल्या. पहिली, दहावीपर्यंत सर्वांना समान शिक्षण द्यावे. त्यात गणित व विज्ञान सक्तीचे असावे आणि ‘कार्यानुभव’ हा त्याचाच एक भाग असावा. दुसरी, वाटा फुटाव्यात त्या दहावीनंतर. १९८६ पर्यंत दहावीनंतर शिकणाऱ्यांपैकी निम्मे विद्यार्थी व्यावसायिक शिक्षणात असावेत, असे उद्दिष्ट त्यांनी ठेवले.

महाराष्ट्रात नव्या पद्धतीची पहिली दहावी १९७५ मध्ये झाली. त्या वर्षी जुन्या अकरावीची आणि नव्या दहावीची मुले एकाच हंगामात परीक्षेला बसली. त्यानंतर कनिष्ठ महाविद्यालये सुरू झाली आणि १९७७ मध्ये पहिली बारावी झाली. गणित-विज्ञान सर्वांपर्यंत पोहोचले, ही या बदलाची मोठी कमाई. कार्यानुभव मात्र बहुतेक शाळांत आठवड्याच्या एक-दोन तासिकांत आकसला. कागदी फुले, खडू, मेणबत्त्या!

व्यावसायिक वाटेचे काय झाले? उद्दिष्टांचा आलेखच बोलका आहे. कोठारी आयोगाने १९८६ साठी ५० टक्के म्हटले होते. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने ते १९९० पर्यंत १० टक्के आणि १९९५ पर्यंत २५ टक्के असे ठरवले. १९९२ च्या सुधारणेत तेच आकडे १९९५ आणि २००० पर्यंत पुढे ढकलले गेले. आपल्या राज्यात अकरावी-बारावीसाठी ‘द्विलक्षी’ अभ्यासक्रम आले आणि पुढे किमान कौशल्यांवर आधारित एमसीव्हीसी आले. १९८६ मध्ये शिकाऊ उमेदवारीच्या कायद्यात दुरुस्ती होऊन बारावी व्यावसायिकच्या विद्यार्थ्यांनाही उमेदवारीचा मार्ग मिळाला. तरीही ‘बी’ अभ्यासक्रमाचे जुने दुखणे सुटले नाही. एमसीव्हीसीकडे ‘मार्क कमी पडले म्हणून’ जायचे, अशी समजूत रूढ झाली. द्विलक्षीमध्ये दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय यांच्या जागी २०० गुणांचा तांत्रिक विषय घेता येत असे. पुष्कळांनी तो कारागिरीसाठी घेण्याऐवजी अभियांत्रिकी प्रवेशाची पायरी म्हणून घेतला. वाट बदलली, पण सगळ्यांची नजर त्याच दारावर राहिली.

याला छेद देणारा एक प्रयोग चाकणच्या पूर्वेला, शिरूर तालुक्यातल्या पाबळ या दुष्काळी गावात झाला. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञानातले शास्त्रज्ञ. म्हैसूरची केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्था आणि नंतर हिंदुस्थान लिव्हरचे संशोधन केंद्र येथे काम केल्यावर त्यांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. जे. पी. नाईकांनी स्थापन केलेल्या आणि पुण्यात आलेल्या भारतीय शिक्षण संस्थेच्या छत्राखाली हे काम उभे राहिले. कार्यानुभवाची शिफारस लिहिणाऱ्या माणसाच्याच संस्थेत त्या शिफारशीला हातपाय फुटले, असे म्हणता येईल.

कलबागांनी आठवी, नववी आणि दहावीसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञान ओळख’ हा विषय आखला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्याला राज्यात पूर्वव्यावसायिक विषय म्हणून मान्यता मिळाली. त्याचे चार भाग आहेत : अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. आठवड्यातला एक दिवस कामाचा. शिकवायला गावातलेच कारागीर निदेशक आणि शिकण्यासाठी गावाला खरोखर हवी असलेली कामे. येथे कोणाला वेगळ्या वाटेला लावलेले नाही. डॉक्टर व्हायचे स्वप्न असलेली मुलगी आणि वडिलांच्या वेल्डिंगच्या दुकानात बसणारा मुलगा दोघेही तेच करतात. जोड-कामाच्या बाकावर उजळणी होते ती विज्ञानाचीच.

याचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. पाबळसारख्या भागात विहीर वा कूपनलिका कुठे घ्यायची, हा जीवनमरणाचा प्रश्न. आश्रमातल्या मुलांनी जमिनीचा विद्युत्‌रोध मोजून पाणी शोधण्याचे काम केले. या प्रकारच्या मोजणीची एक सोपी रीत अशी : जमिनीत चार लोखंडी सळया एका रेषेत, समान अंतरावर ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळयांतून विद्युत्‌प्रवाह सोडायचा आणि आतल्या दोन सळयांमधला विभवांतर मोजायचा. समजा, सळयांमधले अंतर १० मीटर आहे, प्रवाह ०.१ अँपिअर आणि विभवांतर ०.०८ व्होल्ट आला. ओहमच्या नियमाने रोध ०.८ ओहम. त्याला २ गुणिले ३.१४ गुणिले १० ने गुणले, की सुमारे ५० ओहम-मीटर ही जमिनीची रोधकता मिळते. सळयांमधले अंतर वाढवत नेले, की प्रवाह अधिक खोल जातो आणि खालच्या थरांची वार्ता वर येते. कोरडा, अखंड काळा कातळ प्रवाहाला मोठा विरोध करतो. भेगाळलेला, पाण्याने भरलेला खडक कमी करतो. दहावीच्या पुस्तकातला ओहमचा नियम आणि पायची किंमत येथे शेतकऱ्याच्या खिशाशी जोडली जाते. आकडा चुकला, तर कूपनलिका कोरडी जाणार. परीक्षेतल्या चुकीला एवढी किंमत नसते.

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने संगणक-नियंत्रित यंत्रांनी सज्ज ‘फॅब लॅब’ची कल्पना बाहेरच्या जगात नेली, तेव्हा २००२ मध्ये सुरुवातीच्या केंद्रांपैकी एक पाबळला आले. डॉ. कलबाग २००३ मध्ये निवर्तले, पण त्यांचा विषय अनेक शाळांत पोहोचला आहे.

पाबळचे हे ठीक, पण कारखान्यांच्या पट्ट्यात त्याचा काय उपयोग, असे कोणी विचारील. उलट येथे तो अधिक आहे. बजाज ऑटोचा चाकणचा कारखाना १९९९ च्या सुमारास आणि फोक्सवॅगनचा २००९ मध्ये सुरू झाला. हाताने फिरवायच्या लेथच्या जोडीला सीएनसी यंत्रे आली. सीएनसीवरचे हत्यार निर्देशकांच्या भाषेत चालते : क्ष इतका, य इतका. ती नववीच्या पुस्तकातली निर्देशक भूमिती. जुन्या पद्धतीच्या कामातही गणित होतेच. जोडाऱ्याला ३० अंशांचा अचूक कोन हवा असेल, तर तो १०० मिलिमीटरची ‘साइन बार’ घेतो आणि तिचे एक टोक ठोकळ्यांनी नेमके ५० मिलिमीटर उचलतो, कारण ३० अंशांची ज्या म्हणजे साइन ०.५ आहे. दहावीची त्रिकोणमिती ‘कॉलेजला जाणाऱ्यांसाठी’ आहे, हा समज साइन बार हातात घेतल्यावर टिकत नाही.

म्हणूनच कोवळ्या वयात विषय सोडायला लावणे धोक्याचे. आपल्या राज्यात काही वर्षे नववी-दहावीला ‘सामान्य गणित’ हा सोपा पर्याय होता. नापासांची संख्या कमी व्हावी, हा हेतू चांगला होता. पण तेराव्या-चौदाव्या वर्षी तो निवडणाऱ्या मुलाला विज्ञान शाखा आणि तंत्रनिकेतन या दोन्ही वाटा दुरावत. पुढे नव्या अभ्यासक्रमाबरोबर तो पर्याय बंद झाला. आता गणित सर्वांना आहे. ते सर्वांना समजेल असे शिकवण्याची जबाबदारीही त्याबरोबर आली आहे आणि हात वापरल्याशिवाय ती पेलणे कठीण आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२५ पर्यंत निदान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यावसायिक शिक्षणाचा अनुभव मिळावा, असे म्हटले. आकडा पुन्हा पन्नासच. फरक शब्दांत आहे : वेगळ्या वाटेऐवजी ‘अनुभव’, तोही शाळेत असतानाच. इतिहास पाहिला, तर हा बदल योग्य दिशेचा आहे. पण उद्दिष्ट दिल्लीत ठरते आणि वेळापत्रक शाळेत. हंटर आयोगापासून आजवर योजना अडल्या त्या याच ठिकाणी.

शिक्षकांच्या हातात काय आहे? सातवी संपण्यापूर्वी पालकांना एकत्र बसवून दहावीनंतरच्या सर्व वाटा आणि एका वाटेवरून दुसरीवर जाण्याचे पूल दाखवता येतात. पदविका पूर्ण केलेला विद्यार्थी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात जाऊ शकतो, हे कित्येक घरांत माहीत नसते. जवळच्या आयटीआयतील निदेशकाला किंवा एखाद्या अनुभवी जोडाऱ्याला महिन्यातून एकदा गणिताच्या तासाला बोलावता येते. कार्यानुभवाच्या तासिका एकत्र करून महिन्यातला निदान एक पूर्ण दिवस खऱ्या कामाला देता येतो : शाळेच्या टाकीची गळती मोजणे, वीजबिलाचा हिशेब लावणे, बाक दुरुस्त करणे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे काम ‘हुशार’ आणि ‘ढ’ अशी वाटणी न करता वर्गातल्या प्रत्येकाला देता येते. आपल्या शाळेच्या वेळापत्रकात तो दिवस कोणत्या वारी बसेल?